चाटणवालीचा सासरा

पनवेलजवळच्या कोन गावातल्या शिवाबाबा भोपींना हळू काही करताच यायचं नाही. ते शिंकले की शेजारच्या घरातलं तान्हं दचकून रडायला लागायचं. तरुणपणी मिठागरावर त्यांनी एक हाळी दिली की बांधाच्या पार टोकाचा माणूस समजायचा, जेवायची वेळ झाली. त्यांची बायको हौसाबाई वैतागून म्हणायची, "या मानसाला कानात काय सांगाची सोय नाय. सांगला का गावभर झाला!" अशा माणसाला त्यांच्या सुनेनं, मनिषानं, हळू खोकायला शिकवलं. शिकवलं म्हणजे तोंडानं एका शब्दानं सांगितलं नाही हो. पण न सांगता शिकवलं म्हणून पाप काही कमी होत नाही, आणि हे आज मनिषाइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

झालं असं. होळीच्या सुमाराला बाबांना खोकला लागला. होळीची गाणी म्हणून म्हणून घसा बसला असेल, असं सगळ्यांना वाटलं. निकेश, मनिषाचा नवरा, तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या करतो. तो म्हणाला, "दाखवून आणूया." मनिषा म्हणाली, "थांबा ओ, आधी आईंचं चाटण करून बघते."

आईंचं चाटण म्हणजे हौसाबाईंचं. ते काय होतं, हे कोनमध्ये नव्यानं सून होऊन आलेलीलाच विचारायला लागायचं. बाकी सगळ्या गावानं ते बोटानं चाटलेलं होतं. कुणाचा घसा धरला, कुणाचं पोर खोकायला लागलं की वाटी घेऊन हौसाबाईच्या दारात. मात्र हौसाबाई जिवंत असेपर्यंत मनिषाला त्या पातेल्याला कधी हात लावायला मिळाला नाही. "हिच्या हातचा कालवन बघला तं मासाबी परत खाडीत पलेल," असं चारचौघांत बोलायची म्हातारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पदरात प्रणितसारखा शाळेत जाणारा मुलगा, तरी चुलीपाशी मनिषा आपली पाहुणीच. पण लांबून का होईना, डोळे उघडे ठेवून तिनं सगळं बघितलेलं होतं.

कुंपणाचा अडुळसा तिनं खुडला. कोवळी पानं नाहीत, पिकायला आलेली. पानं पुसून तव्यावर टाकली, नरम होऊन घाम फुटेपर्यंत. अडुळसा कच्चा पिळून रस देत नाही, त्याला आधी चटका लागतो. मग पाट्यावर वाटून फडक्यातून पिळला. आल्याचा रस, गुळाचा पाक, मिरी, सुंठ, हळद, तुळशीची पानं, सगळं आटवून दाट केलं आणि खाली उतरवून निवल्यावरच मध घातला. शेवटी हौसाबाईंची खोड: मिठागरातलं जाडं मीठ तव्यावर भाजून त्याची चिमूट. त्याच्याशिवाय ते नुसतं कडूगोड औषध. त्याच्यासकट ते हौसाबाईचं चाटण.

बाबांनी बोट चाटलं आणि गप्प बसले. गप्प! शिवाबाबा! मग डोळे पुसून म्हणाले, "हौसाच्या हातचा झालाय गो."

एवढ्या वर्षांत त्या घरात मनिषाला मिळालेली ही पहिली शाबासकी. तिनं ती पदराला गाठ मारून ठेवली. आणि खोकला खरंच कमी झाला हो, खोटं कशाला बोला! चार रात्री बाबा शांत झोपले. मनिषाला आभाळ ठेंगणं झालं.

गावातल्या बायकांचा बचत गट होता. कुणी पापड करी, कुणी सुकटीची चटणी. मनिषानं चाटणाच्या बरण्या भरल्या. नवीन पनवेलच्या सोसायट्यांतल्या बायकांना असलं घरगुती काही हवंच असतं. पण नुसती बरणी बघून कोण घेतंय? कुणीतरी म्हणालं, "अगं, व्हिडिओ टाक." मनिषानं बाबांना पांढरा सदरा घालून पडवीत बसवलं, स्वतः नवी साडी नेसली आणि मोबाईल लावला.

"बोला बाबा."

"मना खोकला लागला व्हता. सुनेच्या चाटनानं..." आणि नेमकी ढास लागली.

"परत बोला."

"सुनेच्या चाटनानं मना आराम..." पुन्हा ढास.

कितीदा तरी झालं. शेवटी मनिषानं होतं तेवढं घेतलं आणि संध्याकाळी ओट्याशी बसून त्यातला खोकला कापला. कापायला लागतं काय? बोटानं इकडून तिकडं सरकवायचं. इथली ढास गेली, तिथली ढास गेली, आणि उरले एक हसरे म्हातारेबाबा आणि त्यांचा आराम. कापताना तिच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण "खोकला जातोच आहे की, उद्या जाईल तो आज कापला" असं तिनं स्वतःला समजावलं. मनाला समजवायला माणूस किती हुशार असतो बघा!

व्हिडिओ सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरला. "किती गोड आहेत आजोबा!" म्हणून बरण्यांची मागणी आली. गावच्या नाक्यावर बाबा गेले की लोक चेष्टा करायचे, "आला बघा चाटनवालीचा सासरा!" बाबांची छाती फुगायची. "हाय तं हाय! तुमच्या सुनांना येतं काय?" असं त्यांना सुनावून ते घरी यायचे आणि मनिषाला सगळं नक्कल करून दाखवायचे. मनिषा पोट धरून हसायची.

पावसाळा लागला आणि खोकला वाढला. आता तो घशातला नव्हता, खालून कुठून तरी यायचा. बाबांचे सदरे अंगावर ढगळ झाले. दुपारी अंग कोमट लागायचं. मनिषाला दिसत नव्हतं का? दिसत होतं. निकेश पुन्हा म्हणाला, "मनिषा, आता डॉक्टरला दाखवूयाच." आणि मनिषाच्या तोंडून निघून गेलं, "गणपती होऊन जाऊ द्या. केवढ्या मागण्या आल्यात. आणि लोकांनी बघितलं तर काय म्हणतील? चाटणवालीचा सासरा खोकल्यासाठी दवाखान्यात?"

हसत हसत बोलली होती ती. पण भिंतीला कान असोत नसोत, शिवाबाबांना होते. ते पडवीत चहा पीत बसले होते.

त्या दिवसापासून बाबांनी नवीनच चाल धरली. दारात गिऱ्हाईक आलं की पंचा खांद्यावर टाकायचा आणि मागच्या दारानं परसात जायचं. मनिषाला वाटलं, बायामाणसं येतात म्हणून संकोचानं जात असतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं. कधी जायला उशीर झाला आणि दारात बाई उभी असताना मागनं खोकल्याची पहिली उबळ ऐकू आली, तर मनिषा चटकन मिक्सर लावायची. आलं वाटायचं असो नसो, रिकामा मिक्सर घरघर करायचा. "बाई, सारखं कामच असतं तुम्हाला!" गिऱ्हाईक कौतुकानं म्हणायचं. मनिषा हसायची. रात्री मात्र त्या घरघरीची आठवण आली की तिला स्वतःची किळस यायची. सकाळी पहिला फोन आला की ती किळस कुठल्या कुठे जायची.

गणपती झाले, नवरात्र जवळ आलं. एका दुपारी शबनम आली.

शबनमचं पनवेलच्या बाजारात सुक्या मेव्याचं दुकान. चाटणात पडायचा मध तिच्याकडचाच, आणि या मधापायी दोघींची गट्टी जमलेली. तिनं रिकामी बरणी परत आणली होती. पण रिकामी कशी देईल? आपल्याकडे कुणी कुणाचं भांडं रिकामं परत करत नाही. बरणीत खजूर भरलेले होते.

"आणखी दोन बरण्या दे गं," पायरीवर टेकत शबनम म्हणाली. "अम्मीचा खोकला काही हटत नाही." अम्मी म्हणजे तिची सासू, नवरा नावेदची आई.

"अजून?" मनिषा म्हणाली. "किती दिवस झाले?"

"महिना होऊन गेला असेल. नावेद म्हणतो, फोटो काढूया छातीचा. मीच म्हटलं, थांब जरा. मनिषाच्या सासऱ्यांनाही वेळ लागला होता, पण आराम पडला ना? रोज तो व्हिडिओ दाखवते मी अम्मीला. म्हणते, बघा, तुमच्याच वयाचे आहेत, बघा कसे ठणठणीत झालेत."

हे वाक्य मनिषानं ऐकलेलं होतं. तिनंच म्हटलेलं होतं. थांबा ओ. थांब जरा.

"बरणी आणते," एवढंच पुटपुटून ती आत वळली. तेवढ्यात परसातून ती उबळ आली, बारीक, दाबलेली. सवयीनं तिचा हात मिक्सरच्या बटणावर गेला. बोट टेकलं. आणि तिथंच थांबलं.

ती मागच्या दारात गेली.

पाण्याच्या टाकीआड, अडुळशाला टेकून शिवाबाबा उकिडवे बसले होते. पंच्याचा बोळा तोंडात कोंबलेला. सगळं अंग गदगदा हलत होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जवळजवळ नाही. मिठागराच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा आवाज त्यांनी पंच्यात कोंबून ठेवला होता. मनिषा दिसली तसा त्यांनी हात वर केला आणि जा, जा अशी खूण केली. बोळा काढून, श्वास गोळा करून कसंबसं बोलले, "गिऱ्हाईक हाय ना? तू जा, बाय. मी आवाज नाय करत."

पंच्यावर लाल ठिपके होते.

"बाबा!" मनिषानं किंकाळीच फोडली. "अहो बाबा, हे कधीपासून?"

"कय नाय गो. पान खाल्ला व्हता."

उभ्या जन्मात पान न खाल्लेला माणूस हे सांगत होता. मनिषा तिथंच मटकन खाली बसली आणि त्यांचे पाय धरून रडायला लागली. बाबा बिचारे घाबरले, दाराकडे बघत तिलाच गप्प करायला लागले, "हलू, हलू, ती बाय आयकंल!"

बाईनं ऐकलंच होतं. शबनम मागच्या दारात येऊन उभी होती. तिनं बाबांकडे बघितलं, पंच्याकडे बघितलं. मनिषाला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"शबनम, तो व्हिडिओ खोटा आहे," ती म्हणाली. "म्हणजे चाटण खरं आहे, पण खोकला मी कापला होता. यांना आराम पडलाच नाही. पडला तो चार दिवस. तू अम्मीला आजच्या आज घेऊन जा. माझं ऐकून थांबू नको गं, तुझ्या पाया पडते."

शबनमनं शिव्या दिल्या असत्या तर मनिषाला सोसल्या असत्या. ती बरण्या न घेता निघून गेली, आणि खजुराची बरणी पायरीवर तशीच राहिली.

रात्रपाळी करून झोपलेल्या निकेशला उठवून, रिक्षा बोलावून मनिषानं बाबांना पनवेलच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी छातीला नळी लावली, पाठीला लावली, आणि विचारलं, "आजोबा, खोकला कधीपासून आहे?"

"झालं असतील चार-आठ दिस," बाबा म्हणाले. मनिषाकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी. म्हातारा इथंही सुनेला पाठीशी घालत होता!

निकेशनं मान खाली घातली. आता कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते निकेशचं काम नव्हतं.

"ते खोटं सांगतायत, डॉक्टर," ती म्हणाली. "होळीपासून आहे. मधे चार दिवस थांबला होता. यांना मी आणलं नाही. यांचा मुलगा आणत होता, मी थांबवलं."

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. त्या नजरेत राग नव्हता, पण मनिषानं ती नजर झेलली नाही.

बेडका तपासला, फोटो काढला. टीबी निघाला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पार खराब झाला होता. "औषधं नेमानं घेतली तर रोग जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण गेलेला भाग परत येत नाही. दम लागणारच. आधी आणलं असतं तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढचं मनिषा रोज स्वतःशी बोलते. घरातल्या सगळ्यांना तपासलं. प्रणित आजोबांच्याच कुशीत झोपायचा, त्याचा निकाल येईपर्यंत मनिषाच्या घशाखाली घास उतरला नाही. त्याला काही नव्हतं. देवानं तेवढी दया केली, ती तिच्या पुण्याईनं नक्कीच नाही.

घरी आल्यावर तिनं मोठं पातेलं उचललं आणि सगळं चाटण अडुळशाच्या मुळात ओतायला निघाली. बाबा तोंडाला मास्क लावून पडवीत पडले होते. तिथूनच म्हणाले, "काय करतंस?"

"टाकते, बाबा. याच्यानंच झालं सगळं."

"येडी हायस काय?" बाबा उठून बसले. बोलता बोलता धाप लागली, तरी बोलले. "हौसाचा चाटन टाकतंस? चाटन चांगला हाय गो. माजाच खोकला वंगाल हाय."

मनिषानं पातेलं खाली ठेवलं. एवढं ऐकल्यावर ते हातात धरवेनाच. हा माणूस चिडला असता, चार शब्द सुनावले असते, मुलाकडे गाऱ्हाणं केलं असतं तर तिला कुठंतरी फिटल्यासारखं वाटलं असतं. पण तो आपल्या खोकल्यालाच दोष देत होता, आणि त्यावर तिनं काय करावं?

त्याच संध्याकाळी तिनं व्हिडिओ काढून टाकला आणि सगळ्या ग्रुपवर आपल्या आवाजात सांगितलं. मी मनिषा भोपी. त्या व्हिडिओतला खोकला मी कापला होता. माझ्या सासऱ्यांना टीबी आहे. ज्यांच्या घरी कुणी पंधरा दिवसांवर खोकतंय, त्यांनी चाटणावर थांबू नका, दवाखान्यात जा. ज्या बायका बाबांना भेटल्यात त्यांनीही तपासून घ्या. कुणी "हिंमत केलीत" म्हणालं. कुणी "फसवलंत" म्हणालं, आणि मनिषाला तेच खरं वाटलं. बचत गटातल्या बायका काही दिवस तिच्याशी तोंड चुकवून वागल्या. निकेशनं एकदाच म्हटलं, "होळीतच बोललो होतो ना मी," आणि परत कधी काढलं नाही. न काढलेलं ते वाक्य रोज जेवायला पानावर येऊन बसतं.

औषधं लागू पडली. दिवाळी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बेडका पुन्हा तपासला आणि सांगितलं, आता लागण होण्याची भीती नाही, मास्क काढला तरी चालेल, पण गोळ्या पुऱ्या करायच्या. बाबांच्या अंगावर थोडं मांस आलं. नाक्यापर्यंत जायचे, पण दोनदा बसून. हाळी द्यायला आवाज मात्र राहिला नाही. प्रणितला बोलवायचं तर आता भांडं वाजवायचे.

एका सकाळी त्यांनी स्वतःच मागितलं. "वाईच चाटन कर ना गो. घशाशी खवखवतंय." मनिषानं डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं, गोळ्या चालू आहेत, चालेल का. चालेल म्हणाल्या, गोळ्या चुकवू नका म्हणजे झालं. तेव्हा तिनं अडुळसा खुडला. पानं तव्यावर टाकली, वाटली, पिळली. मीठ भाजून चिमूट घातली. वाटी घेऊन ती पडवीत आली, आणि बाबांनी बोट बुडवलं तेवढ्यात दारात हाक आली.

"मनिषा, आहेस का?"

शबनम होती. अम्मीला दम्याचा त्रास निघाला, औषध चालू झालं, एवढं तिनं फोनवर कळवलं होतं, पण त्या दुपारनंतर ती प्रत्यक्ष पहिल्यांदाच येत होती. हातात मधाची बाटली. तिचा चेहरा अजून पुरता मोकळा नव्हता, पण ती आली होती.

आणि बाबा उठले. चाटणानं माखलेलं बोट तसंच, दुसऱ्या हातानं खुंटीवरचा पंचा ओढला आणि मागच्या दाराकडे निघाले. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनाच सवय लागली होती.

मनिषानं वाटी खाली टाकून त्यांचा हात धरला. "कुठं चाललात?"

"आलोच," बाबा कुजबुजले. "खोकला येतंय. गिऱ्हाईक..."

"गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात!" मनिषा ओरडली, शबनमच्या देखत, गावाला ऐकू जाईल अशी. "बसा इथं. इथंच खोका, बाबा. मोठ्यानं खोका. कुणाला लपवायचं नाही आता."

तिनं त्यांच्या हातातला पंचा काढून घेतला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. शबनमही आत येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागली. बाबांनी एकदा सुनेकडे बघितलं, एकदा शबनमकडे, लाजल्यासारखे हसले. मग उबळ आली. खांदे हलले, मान ताठली, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तोंडासमोर मूठ धरली, ओठ गच्च मिटले आणि आवाज आतल्या आत गिळला.

"मोठ्यानं, बाबा," मनिषा म्हणाली. ती रडत होती. "मोठ्यानं ओ."

"नाय येत गो आता," बाबा म्हणाले.